वाचकांचे प्रश्न : फोर्ट युनियनच्या मातीच्या भिंती

मागच्या अंकात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या फोर्ट युनियन या जुन्या लष्करी ठाण्याची छायाचित्रे छापली होती. पडक्या मातीच्या भिंती, मधूनच उभी राहिलेली विटांची धुराडी आणि भोवती नजर पोचेल तिथवर गवत. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी इतिहास विचारला, तर काहींनी थेट आपल्या गावची गढी आणि वाडा पुढे केला. दोन्हींतली काही पत्रे निवडली आहेत.

छायाचित्रांत तट, बुरूज, खंदक काहीच दिसत नाही. सरहद्दीवरचे सैन्य असे उघड्यावर कसे राहत होते?
– पुणे

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या बहुतेक लष्करी ठाण्यांना तट नव्हताच. ओंडक्यांचे उंच कुंपण आणि चारी कोपऱ्यांवर टेहळणीचे मनोरे हे चित्र सिनेमाने लोकप्रिय केले. तिथल्या लढवय्या जमाती ठाण्यावर सहसा चालून येत नसत. त्या रस्त्यावरचे तांडे गाठत, जनावरे पळवत. त्यामुळे भिंतीआड बसून सैन्याला काहीच साधत नव्हते. घोडदळ बाहेर पाठवायचे, वाटेवर गस्त घालायची आणि तांड्यांना सोबत करायची, हे खरे काम. ठाण्याची मांडणी आपल्याकडच्या जुन्या कँटोन्मेंटसारखी असे : मधे कवायतीचे मैदान, एका अंगाला अधिकाऱ्यांची घरे, समोर शिपायांच्या बराकी, त्यामागे तबेले आणि कोठारे.

फोर्ट युनियन एकाच परिसरात तीनदा बांधले गेले. पहिले ठाणे १८५१ मध्ये लेफ्टनंट कर्नल एडविन समनर यांनी उभे केले. सँटा फे शहरातली लष्कराची कचेरी आणि साठा तिथून हलवायचा, खर्च वाचवायचा आणि शिपायांना शहरातल्या बाटलीपासून लांब ठेवायचे, असा त्यांचा हिशेब होता. बांधकाम शिपायांकडूनच करून घेतले. साल न काढलेले ओंडके पाया न घालता सरळ जमिनीवर रचले. सालीखाली ओल आणि किडे राहतात हे कुठल्याही सुताराने सांगितले असते. थोड्याच वर्षांत लाकूड कुजले.

दुसरे ठाणे १८६१ चे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि टेक्सासकडून दक्षिणेची, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांची, फौज येणार अशी धास्ती होती. त्या फौजेचा सेनापती हेन्री सिब्ली काही महिन्यांपूर्वीपर्यंत याच ठाण्यावर अधिकारी होता, त्यामुळे इथे काय काय भरले आहे ते त्याला पक्के ठाऊक. म्हणून मोकळ्या मैदानात चांदणीच्या आकाराचा मातीचा मोर्चा खणला. फोर्ट युनियनवर खरी तटबंदी झाली ती ही एवढीच, आणि तिच्यावर एकही हल्ला झाला नाही. मार्च १८६२ मध्ये ग्लोरिएटा खिंडीत लढाई झाली, दक्षिणेच्या फौजेचा रसदीचा तांडा जाळला गेला आणि ती मागे फिरली. मोर्च्याच्या पोटातल्या खोल्या इतक्या दमट होत्या की तिथे माणसे राहणे अवघडच होते.

तिसरे ठाणे १८६३ ते १८६९ या काळात बांधले. तुम्ही पाहिलेली छायाचित्रे त्याची.

हे ठाणे एवढे मोठे कशासाठी? तिथे किती मोठे सैन्य होते?
– कोल्हापूर

सैन्यापेक्षा कोठार मोठे होते. मिसूरीहून सँटा फेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेचे दोन फाटे याच भागात पुन्हा एकत्र येतात. बैलांच्या आणि खेचरांच्या गाड्यांतून आलेले पीठ, कपडे, खोगिरे, दारूगोळा इथे उतरवून मोजत, पुन्हा बांधत आणि नैर्ऋत्येकडच्या इतर ठाण्यांवर रवाना करत. लोहार, सुतार, चाके दुरुस्त करणारे, गाडीवान असे मुलकी नोकर कोठाराकडे शिपायांपेक्षा जास्त असत. १८७९ मध्ये रेल्वे जवळच्या वॉट्रसपर्यंत आली आणि हा सगळा पसारा बिनकामाचा झाला. १८९१ मध्ये लष्कराने ठाणे सोडले.

मातीच्या भिंती तीस वर्षे टिकल्या आणि मग एकदम ढासळल्या, असे का?
– नांदेड

पाया दगडाचा. त्यावर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, म्हणजे आपल्याकडे भेंडे म्हणतात तशा. बाहेरून चुन्याचा गिलावा. माथ्यावर भाजक्या विटांचे थर जरा पुढे काढलेले, आणि त्याआड पत्र्याचे कमी उताराचे छप्पर. यातली प्रत्येक वस्तू पाणी मातीपर्यंत पोचू नये म्हणून होती. विटांचा माथा पावसाचा मारा झेलायचा, गिलावा वारा-पाऊस अडवायचा, दगडी पाया जमिनीची ओल थोपवायचा.

लष्कर गेल्यावर जमीन मूळ खाजगी मालकांकडे राहिली आणि उपयोगी सामान लोकांनी काढून नेले. पत्रा, तुळया, दारांच्या चौकटी गेल्या. तुळई निघाली की तिच्या खाचेतून पाणी थेट भिंतीच्या पोटात जाते. दारावरची आडवी लाकडी पट्टी काढली की वरची माती आधाराशिवाय लोंबते, आणि एका पावसाळ्यात दाराचे भगदाड होते. माथ्याच्या विटा सुटल्या की भिंत वरून विरघळू लागते. तीस वर्षे भिंती धडधाकट दिसत होत्या, कारण दरसाल कोणीतरी गिलावा बुजवत होते, पत्रा ठोकत होते. ते हात थांबले एवढेच झाले.

वरून होणारी झीज डोळ्यांना दिसते. भिंत मरते ती मात्र बहुधा खालून. पायथ्यापाशी वाकून पाहा : जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर आडवी खोबण पडलेली असते. तिथली माती बोटाने खरवडली तर पिठासारखी गळते आणि कडेला पांढरी बुरशीसारखी रेघ दिसते. ती बुरशी नाही, क्षार आहेत. जमिनीतले पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागापाशी वाळते आणि विरघळलेले मीठ मागे ठेवते. ते मीठ छिद्रात खडे धरताना फुगते आणि मातीचे कण सुटे करते. फोर्ट युनियन साडेसहा हजार फुटांहून उंच आहे. हिवाळ्यात ओल्या पायथ्यातले पाणी रात्री गोठते, दिवसा वितळते, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी माती सैल करते. शिवाय वरून पडणारे थेंब जमिनीवर आपटून पायथ्यावर उडतात. खोबण खोल गेली की वरचा भाग, तो कितीही ठणठणीत असो, एक दिवस पालथा पडतो.

आमच्या गावी (धाराशिव जिल्हा) पांढऱ्या मातीच्या वाड्याला दहा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. आता जोत्यापासून कमरेपर्यंत गिलावा फुगलाय, ठोकला की पोकळ वाजतो. वरून पुन्हा एक हात सिमेंट मारावे का?

मारू नका. अमेरिकेत मातीच्या कित्येक इमारतींची याच उपायाने वाट लागली, आणि नॅशनल पार्क सर्व्हिस या तिथल्या राष्ट्रीय उद्याने आणि स्मारके सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या मातीच्या इमारतींबद्दलच्या मार्गदर्शनात पोर्टलंड सिमेंटचा गिलावा टाळा असेच सांगितले आहे. कारण सरळ आहे. मातीच्या भिंतीत ओल येणारच, आणि ती पृष्ठभागातून सुकून जाणे हाच तिचा बचाव. सिमेंटचा कठीण थर ती वाट बंद करतो. मग ओल थराच्या मागे साठते आणि आणखी वर चढते. शिवाय ओल्या-सुक्या होण्याने माती फुगते-आकसते तेवढे सिमेंट हलत नाही, म्हणून केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पावसाचे पाणी आत शिरते, पण बाहेर येत नाही. पोकळ वाजतो आहे तिथे आतली माती गाळासारखी झालेली असण्याची शक्यता मोठी.

आधी पाणी शोधा, भिंतीला हात नंतर. वाड्यापुढचा रस्ता काँक्रीटचा झाला का? दर वेळी रस्ता चार-सहा इंच उंच होतो आणि जोते गाडले जाते. मग दगडी जोत्याचे कामच संपते. भिंतीला खेटून पेव्हर ब्लॉक किंवा कोबा असेल तर जमिनीतल्या ओलीला वर यायला दुसरी जागा उरत नाही, ती भिंतीत चढते. भिंतीलगत निदान दोन फूट पट्टी उघडी करा, जोत्याचा दगड दिसेपर्यंत माती उतरवा आणि जमिनीला भिंतीपासून लांब उतार द्या. पहिल्या सहा फुटांत सहा इंच उतार मिळाला तर उत्तम. पन्हळीचे पाणी पायथ्याशी पडत असेल तर ते पाइपाने पुढे न्या. मोरीचा आणि न्हाणीचा पाइप फुटलेला नाही ना, हेही बघा. बऱ्याचदा सगळा उपद्रव तिथूनच असतो.

सिमेंट काढायचे काम दिवाळीनंतर धरा, म्हणजे सुकायला चार-पाच कोरडे महिने मिळतात. एकदम सगळी भिंत सोलू नका, कारण कधी कधी त्या टरफलानेच भिंत धरून ठेवलेली असते. आधी तुळयांखाली टेके द्या. मग दोन फुटांची पट्टी सोला, पुढची चार फूट सोडा, पुन्हा दोन फूट. छिन्नी-हातोडीने हळूहळू. ड्रिल मशीन लावू नका, हादऱ्याने आतले भेंडे सुटतात. खोबण भिंतीच्या जाडीच्या चौथ्या भागापेक्षा खोल असेल तर तिथेच थांबून संरचना अभियंत्याला बोलवा. मातीच्या कामाचा अनुभव असलेलाच हवा. नाहीतर तो आरसीसीचा खांब सुचवेल.

भिंत सुकली की सैल माती हाताने आणि मऊ ब्रशने काढा. पायथ्याची ही खारट माती पुन्हा वापरू नका, लोणा तिच्यातच भरलेला असतो. वाड्याच्या वरच्या पडलेल्या भागाची माती चालते. काळी माती अजिबात नको. ती फुगते-आकसते इतकी की नवे भेंडे जुन्यापासून सुटून येतील. मातीची परीक्षा बरणीत करा : काचेच्या बरणीत तिसरा भाग माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोराने हलवून एक दिवस ठेवा. खाली वाळू, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर बसतात. चिकणमाती ढोबळमानाने १५ ते ३० टक्के असावी. मग साठ सेंटीमीटर लांब आणि चार सेंटीमीटर रुंद-खोल लाकडी साच्यात ओली माती दाबून भरा आणि सावलीत वाळू द्या. दोन्ही टोकांची फट मिळून पावणेदोन सेंटीमीटरपेक्षा जास्त झाली, तर वाळू वाढवून पुन्हा करा.

भेंडे पाडून तीन दिवसांनी कडेवर उभे करा आणि निदान तीन-चार आठवडे पूर्ण वाळू द्या. ओलसर भेंडा भिंतीत बसवला की तो आत आकसतो आणि वरच्या थरापासून सुटतो. मग वरच्या भिंतीचा भार त्याच्यावर येतच नाही. दुरुस्ती दिसते, आधार मिळत नाही. बसवताना जुन्या मातीवर पाण्याचा हलका शिडकावा करा आणि भेंडा क्षणभर पाण्यात बुडवून लगेच लावा. सांध्यासाठी तीच माती, बोटभर जाडीची. सगळ्यात वरचा सांधा घट्ट ठोकून भरा. तिथेच गवंडी घाई करतात.

गिलाव्याला चाळलेली माती, वाळू आणि चार घमेल्यांना एक घमेले बारीक भुसा. आठवडाभर भिजत ठेवून रोज तुडवा. पहिला हात सेंटीमीटरभर, ओरखडे ओढून ठेवलेला. तो वाळून भेगा पडल्या की दुसरा, पातळ. चुन्याचा गिलावाच हवा असेल तर तो पहिल्या मातीच्या हातावर, भिंत पूर्ण सुकल्यावर. कळीचा चुना विझवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवलेला असावा, एकास तीन वाळू, आणि आठ दिवस ओल्या गोणपाटाखाली. चुना मातीला फारसा चिकटत नाही, ओरखड्यांत अडकून राहतो. ओरखडे नसतील तर पापुद्रे सुटतात.

तुमचा वाडा किंवा गावची गढी संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर यातले काहीही राज्य पुरातत्त्व विभागाच्या किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय करायचे नाही.

एवढी यातायात करण्याऐवजी भिंतींवर पाणी न धरणारे रसायन फवारले तर? आता चांगली सिलिकोनची द्रावणे मिळतात.
– एक स्थापत्य अभियंता, नाशिक

मोह समजतो. अमेरिकेतही १९५० आणि ६० च्या दशकांत असे फवारे मातीच्या अवशेषांवर वापरून झाले आहेत. अडचण अशी की द्रावण आत जाते थोडेच, वरचा पापुद्रा मात्र आतल्या मातीपेक्षा वेगळा होऊन बसतो. पाणी माथ्याच्या भेगेतून किंवा पायथ्यातून आत येतेच आणि पापुद्र्याच्या मागे थांबते. तिथे ते गोठते किंवा मीठ सोडते, आणि पापुद्रा पडतो तो मूळ पृष्ठभाग घेऊनच. जे वाचवायचे तेच आधी गेले.

हा वाद मताने सुटणारा नाही म्हणून दक्षिण न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सेल्डन या ठाण्यावर १९८५ पासून मुद्दाम चाचणीच्या भिंती बांधून पाहिल्या गेल्या. पुढे त्यात गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट ही जतनाचे काम करणारी अमेरिकी संस्थाही सामील झाली. फोर्ट सेल्डनही १८६५ ते १८९१ या काळातले मातीचेच ठाणे. जनरल डग्लस मॅकआर्थर लहानपणी काही काळ तिथे राहिला, कारण त्याचे वडील तिथे अधिकारी होते. तिथे माथ्याची वेगवेगळी आच्छादने, गिलावे, रसायने आणि पायथ्याचा निचरा यांची उन्हापावसात तुलना केली गेली. दुरुस्तीच्या मातीत ॲक्रिलिकचे पांढरे द्रावण मिसळून पाहण्याचा प्रकारही त्या काळात खूप चालला. जुन्या भिंतीवर ते थेट ओतण्यापेक्षा हे बरे, कारण बिघडले तर नवा थर खरवडता येतो. तरी आमचे मत असे की जो थर दुरुस्त करायला कारखान्याचा डबा लागतो, तो गावात टिकत नाही.

फोर्ट युनियनवर भरवसा आहे तो झिजायला दिलेल्या मातीच्या लेपावर. मूळ भिंतीवर तशाच मातीचा थर चढवतात. पाऊस तो खातो, तो पुन्हा चढवतात. सारवणाची सवय असलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. याची किंमतही आहे. पर्यटकाला अनेक ठिकाणी दिसते ती १८६० च्या दशकातली माती नव्हे, तिच्यावरचा अलीकडचा लेप.

मग छपरे घालून सगळे पूर्ववत का करत नाहीत? टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिसच्या इमारती तर नव्यासारख्या उभ्या आहेत.
– ह्यूस्टन

फोर्ट डेव्हिसही १८९१ मध्येच सोडले, पण तिथे छप्पर घालण्याजोग्या बऱ्याच इमारती हाती लागल्या. १९६० च्या दशकात ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले, आज वीसहून जास्त इमारती दुरुस्त केलेल्या आहेत आणि बाकी जोती आणि अवशेष आहेत. कॅन्ससमधले फोर्ट लार्नेड अजून सुदैवी : वालुकाश्माच्या नऊ इमारती वाचल्या, कारण लष्कर गेल्यावर तिथे शेतमालकांनी गुरे आणि गवत ठेवले. बराकीचे छप्पर उचलून त्यांनी कोठार केले. पुढे जतन करणाऱ्यांनी ती भर काढून टाकून लष्करी रूप परत आणले. आम्हाला हे थोडे खटकते. बराकीला वाचवले ते त्या कोठारानेच.

फोर्ट युनियन १९५४ च्या कायद्याने राष्ट्रीय स्मारक झाले, तोपर्यंत साठेक वर्षे भिंती उघड्या होत्या. छप्पर घालायचे तर आधी माथा सरळ करावा लागतो, म्हणजे मूळ भिंतीचा वरचा भाग छाटायचा किंवा त्यावर नवी भिंत चढवायची. वीस टक्के जुने आणि ऐंशी टक्के नवे असे घर उभे राहील. नकाशे आणि जुनी छायाचित्रे भरपूर आहेत, पण त्यांच्या जोरावर अंदाज बांधता येतो, माती परत आणता येत नाही. पडझड जशी आहे तशी धरून ठेवणे हा निर्णय आम्हाला बरोबर वाटतो, आणि तो छप्पर घालण्यापेक्षा महागात जातो हेही सांगायला हवे.

मूळ रहिवाशांना हुसकावणाऱ्या सैन्याचे ठाणे कौतुकाने जपायचे कशाला?
– न्यू जर्सी

जपणे म्हणजे कौतुक नव्हे. तिसरे फोर्ट युनियन बांधले गेले त्या काळात न्यू मेक्सिकोचा लष्करी प्रमुख होता ब्रिगेडियर जनरल जेम्स कार्लटन. त्याच कार्लटनने नवाहो या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांना १८६४ पासून शेकडो मैल चालवत बोस्के रेदोंदो इथल्या वसाहतीत कोंडले. आठ हजारांहून जास्त माणसे, खारे पाणी, बुडालेली पिके. १ जून १८६८ च्या तहानंतरच ते आपल्या मुलखात परतले. ती वसाहत पोसण्याच्या व्यवस्थेत हे कोठार होते. गोदामांची लांबच लांब जोती पाहिली की इतक्या लोकांना कोंडून ठेवायला काय काय लागते ते समजते. आणि या अवशेषांत सगळे एकाच बाजूचे नाहीत : विटा पाडणारे बहुतेक स्थानिक हिस्पॅनिक मजूर, आणि १८७६ नंतर काही वर्षे इथे होते ते नववे घोडदळ, म्हणजे गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजातले कृष्णवर्णी शिपाई.

जुलैत तिकडे जाणार आहोत. काय पाहावे?
– डॅलस

सकाळी लवकर जा. जुलै-ऑगस्टात दुपारी वादळी पाऊस आणि विजा येतात, आणि त्या माळावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता. तिरप्या उन्हात गवतात रुंद खोलगट पट्टे दिसतात, त्या गाड्यांच्या चाकोऱ्या. वाट सोडू नका, साप आहेत. भिंतीला टेकू नका. काचेचा तुकडा, खिळा, बटण काही उचलू नका, तो गुन्हा आहे. पहिल्या ठाण्याची जागा एरवी बंद असते.

गढीची एक भिंत कललीय असे वाटते. ती हलते आहे की पूर्वीपासून तशीच आहे, हे कसे ओळखावे?
– अकोला

भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे. माथ्यापासून ओळंबा सोडून दोरी आणि पायथ्यातले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, दर वेळी त्याच खुणेवर. फोटोही त्याच जागेवरून घ्या आणि भिंतीला मोजपट्टी लावून ठेवा. काच पावसाळ्यात तडकली आणि उन्हाळ्यात तडकली नाही, तर आधी पाया उकरून निचरा पाहा. बाराही महिने तडकत असेल तर त्या भिंतीखाली गुरे बांधू नका, मुलांना खेळू देऊ नका आणि टेके लगेच लावा.